आधी ओळखा, मग हलवा : टर्बोप्रॉपच्या टाइप रेटिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते की टर्बोप्रॉपचं, म्हणजे टर्बाइन इंजिनानं प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानाचं, टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायची परवानगी) जेटच्या रेटिंगपेक्षा सोपं असतं हा गैरसमज आहे, उलट हातापायाचं काम त्यात जास्तच असतं. त्यावर इतके प्रश्न आले की हा सगळा भाग त्यालाच दिलाय. मी स्वतः एटीआर हे टर्बोप्रॉप उडवते आणि बरीच वर्षं सिम्युलेटरमध्ये शिकवतेय, त्यामुळे खाली जे आहे ते रोजच्या कामातलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, माझ्याकडे कमर्शियल लायसन्स आहे, मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही आहे. मग परत टाइप रेटिंग वेगळं कशाला?

लायसन्स सांगतं की तुम्ही पगार घेऊन विमान उडवू शकता. कुठलं विमान, ते रेटिंग सांगतं. छोट्या विमानांचा एक गट असतो आणि त्या गटाचं एक रेटिंग पुरतं, पण ज्या विमानाला कमीत कमी दोन पायलट लागतात असं सर्टिफिकेटमध्येच लिहिलंय त्या प्रत्येक टाइपचं वेगळं रेटिंग लागतं, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मध्येच आहे आणि सगळे देश तेच धरून चालतात. एटीआर ७२-६०० टेकऑफला साधारण २३ टनांचं असतं, तुम्ही ज्यावर शिकलात ते बहुतेक दोन टनांच्या आतलं. फरक नुसता वजनाचा नाही, पण तो पुढच्या उत्तरांमध्ये येईलच.

प्रश्न : माझे २०० तास झालेत, नोकरी अजून नाही. एका ट्रेनिंग सेंटरचे लोक म्हणतात आत्ताच स्वतःच्या पैशांनी एटीआरचं रेटिंग करून घे, मग कंपन्या लगेच घेतात. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. करू का?

नको. इतकं सरळ उत्तर मी एरवी देत नाही पण हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि प्रत्येकामागे कुणाच्या तरी घरचं कर्ज आहे, म्हणून स्पष्ट सांगते.

रेटिंग ही नाशवंत गोष्ट आहे. युरोपच्या नियमात ते एक वर्ष चालतं, मग परत परीक्षा देऊन वाढवून घ्यावं लागतं, आणि बाकीच्या देशांतही ठरावीक मुदतीनं चेक असतोच. शिवाय प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत निदान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात. आता नोकरी नसताना तुम्ही हे कुठे करणार, एटीआर काही क्लबमध्ये तासावर मिळत नाही. म्हणजे रेटिंग झाल्यापासून घड्याळ सुरू, आणि कागदापेक्षा आधी हात विसरतात. माझ्याकडे रेटिंग करून वर्षभर घरी बसलेली मुलं सिममध्ये आलीयेत, पहिल्या सेशनला त्यांना इंजिन सुरू करायचा क्रमसुद्धा आठवत नव्हता, त्यात त्यांची चूक काहीच नव्हती, पण कोर्सचा निम्मा भाग परत करावा लागला आणि खर्चही परत आला.

दुसरं असं की प्रत्येक कंपनीची काम करायची पद्धत वेगळी असते, कुणी कुठल्या वेळी काय बोलायचं, चेकलिस्ट कुणी वाचायची, इंजिन गेल्यावर कुठल्या उंचीला काय करायचं. कंपनीनं पाठवलेलं असलं की पहिल्या दिवसापासून तुम्ही तेच शिकता. बाहेरून करून आलात तर आधी शिकलेलं पुसायचं आणि मग नवं शिकायचं.

कंपनीनं लेखी पत्र दिलंय, रेटिंग झाल्यावर लाइन ट्रेनिंग (प्रवाशांसकट होणारं प्रशिक्षण) कधी सुरू होणार याची तारीख दिलीये, आणि बदल्यात ठरावीक वर्षांचा बाँड आहे, असं असेल तर गोष्ट वेगळी, मग बाँडमधलं प्रत्येक वाक्य वाचा, विशेषतः तुम्ही चेकमध्ये नापास झालात किंवा कंपनीनंच विमानं कमी केली तर पैसे कोण भरणार ते. पण नुसतं "लगेच घेतात" याच्यावर घरच्यांना कर्जात घालू नका. तोवर त्या पैशाच्या अगदी थोड्या भागात चांगला मल्टी क्रू कोऑपरेशन (दोन पायलटनी मिळून काम करायचा) कोर्स करा आणि इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग घासून ठेवा, निवडीच्या सिम चेकमध्ये तेच बघतात.

प्रश्न : कोर्समध्ये नक्की काय काय असतं? किती दिवस?

जागोजागी थोडं वेगळं असतं, पण धरून चला की सगळं मिळून दीड-दोन महिने. आधी दोन-तीन आठवडे ग्राउंड स्कूल, त्यात इलेक्ट्रिकल, हायड्रॉलिक, फ्युएल, प्रोपेलर, प्रेशरायझेशन, बर्फापासून संरक्षण, परफॉर्मन्स, वजन आणि बॅलन्स. मग कॉकपिटच्या नकलेत म्हणजे हलत नाही अशा ट्रेनरवर बसून नुसते क्रम, हात कुठून कुठे जातो ते. मग फुल फ्लाइट सिम्युलेटर, त्यातला सगळ्यात वरचा दर्जा लेव्हल डी. दोघं जण जोडीनं, चार तासांचं सेशन, दोन तास तुम्ही उडवायचं आणि दोन तास जोडीदाराला मदत करायची. अशी आठ-दहा सेशन्स झाली की स्किल टेस्ट. आणि नव्या पायलटसाठी त्यानंतर खऱ्या रिकाम्या विमानावर बेस ट्रेनिंग, म्हणजे फेऱ्या मारून साधारण सहा लँडिंग. एवढं झालं की रेटिंग लायसन्सवर चढतं, आणि मग प्रवाशांसकट लाइन ट्रेनिंग, ते वेगळं.

युरोपात डिसेंबर २०१९ पासून पहिल्या मल्टी पायलट रेटिंगच्या आधी प्रगत अपसेट रिकव्हरी ट्रेनिंगही सक्तीचं आहे, म्हणजे विमान वेडंवाकडं झालं तर सावरायचं कसं, ते खऱ्या छोट्या विमानात. तुमच्याकडे सक्तीचं नसलं तरी जमलं तर करा. सिम्युलेटर कितीही चांगला असला तरी उलटं झाल्यावर पोटात जे होतं ते तो देत नाही.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती सांगते. जोडीदार महत्त्वाचा. तुम्ही दोघं संध्याकाळी दोन खुर्च्या शेजारी ठेवून, भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावून, मोठ्यानं बोलत पूर्ण उड्डाण करता की नाही यावर कोर्स सोपा की कठीण ते ठरतं. आपण मनात म्हणतो तेव्हा सगळं येतं असं वाटतं, तोंडानं म्हणायला लागलं की अडतं, आणि सिममध्ये तोंडानंच म्हणायचं असतं.

प्रश्न : मी पिस्टन ट्विन उडवलंय, त्यातही प्रोपेलर असतोच. मग टर्बोप्रॉपमध्ये नवीन काय?

हा प्रश्न मला फार आवडला कारण खरं शिकणं इथेच आहे, त्यामुळे जरा लांबेल.

एटीआरच्या इंजिनात, म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या पीडब्ल्यू१२७ मध्ये, दोन कॉम्प्रेसर आपापल्या टर्बाइनवर फिरतात आणि त्यांच्या मागे एक मोकळी पॉवर टर्बाइन असते, तिचा त्या कॉम्प्रेसरशी दांड्यानं काही संबंध नाही, फक्त गरम वायू तिला फिरवतो आणि ती गिअरबॉक्समधून प्रोपेलर फिरवते. म्हणून एटीआरमध्ये एक गंमत करता येते, उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा प्रोपेलर ब्रेक लावून थांबवता येतो, त्याला हॉटेल मोड म्हणतात, आणि त्याच इंजिनावर जमिनीवर वीज आणि एसीची हवा मिळते, त्यामुळे शेपटीत वेगळं छोटं इंजिन लागतच नाही.

उडताना तुमचं लक्ष आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) नसतं, टॉर्कवर (प्रोपेलर फिरवणाऱ्या जोरावर) असतं. प्रोपेलर पूर्ण वेगाला मिनिटाला १२०० फेरे मारतो आणि तुम्ही पॉवर लिव्हर पुढं केली की फेरे तेवढेच राहतात, पाती जास्त तिरकी होऊन हवा जास्त कापतात. म्हणजे जोर बदलतो तो पात्यांच्या कोनातून. हा कोन नीट समजला की अर्धं विमान समजलं असं माझं ठाम मत आहे. एका टोकाला फेदर, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत उभी, बंद इंजिनाचा प्रोपेलर अशा स्थितीत असला तर जवळपास अडथळा करत नाही. दुसऱ्या टोकाला पाती सपाट, आणि त्याच्याही पलीकडे उलटी. जमिनीवर टेकल्यावर सपाट पाती म्हणजे दोन मोठ्या गोल थाळ्या वाऱ्यासमोर धरल्यासारखं, केवढा ब्रेक लागतो. पण हीच गोष्ट हवेत झाली तर विमान दगडासारखं खाली येतं. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये लक्झेंबर्गला उतरताना एका फोकर ५० चे प्रोपेलर हवेतच त्या जमिनीवरच्या पट्ट्यात गेले आणि २० जण गेले. म्हणून पॉवर लिव्हरला फ्लाइट आयडलपाशी (हवेत लिव्हर जास्तीत जास्त मागं घ्यायची जागा) अडथळा असतो, आणि म्हणून तुमचा इन्स्ट्रक्टर तुम्ही हवेत त्या अडथळ्याकडं हात नेला तरी ओरडेल. ओरडू द्या.

पिस्टनहून आणखी एक मोठा फरक म्हणजे पंखावरून वाहणारी प्रोपेलरची हवा. पॉवर वाढवली की नुसता वेग वाढत नाही, पंखाला लगेच उचल मिळते, आणि पॉवर झटकन काढली की उचलही झटकन जाते. लँडिंगला रनवेच्या वर येऊन कुणी एकदम पॉवर काढली तर विमान आपटतं ते याच्यामुळे. जेटवाल्यांना हे जाणवत नाही, त्यांना उलट इंजिन जोर धरेपर्यंत थांबावं लागतं.

आणि पाय! एटीआरला ऑटो थ्रॉटल नाही, पॉवर हातानं. पॉवर बदलली, वेग बदलला, की विमान नाक बाजूला फिरवायला बघतं आणि रडर ट्रिम (शेपटीवरच्या उभ्या फळीची, म्हणजे रडरची, बारीक जुळवणी) हलवावा लागतो. दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेला फिरतात, त्यामुळे डावं आणि उजवं इंजिन जाणं यात फरक आहे, डावं गेलं तर जास्त त्रास. जेट उडवून आलेले अनुभवी कॅप्टनसुद्धा पहिले दोन दिवस बॉल (विमान तिरकं जातंय का ते दाखवणारी खूण) मधे ठेवायला विसरतात, विमान तिरकं जात राहतं आणि ते शांत बसून असतात.

प्रश्न : ताई, माझी मुलगी एटीआरच्या कोर्सला निघालीय. मी इंटरनेटवर वाचत बसते आणि अपघातांच्या बातम्या वाचून झोप लागत नाही. बर्फ होऊन पडलं, इंजिन बंद पडून पडलं. ही विमानं सुरक्षित आहेत का हो?

ताई, तुमची काळजी मला कळते, माझी आईही असंच वाचत बसायची. नुसतं "काही होत नाही" म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, म्हणून ते अपघात खरंच कशानं झाले आणि त्यातलं काय आता तुमच्या मुलीला शिकवलं जातं ते सांगते.

३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एक एटीआर ७२ पडलं, ६८ जण होते, कुणी वाचलं नाही. विमान उतरायची वाट बघत घिरट्या घालत होतं, बाहेर गोठणारा रिमझिम पाऊस, थेंब नेहमीपेक्षा मोठे. पंखाच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे असतात, ते फुगवून बर्फ तोडतात, पण हे मोठे थेंब त्या पट्ट्यांच्या मागं वाहत जाऊन तिथं गोठले, बर्फाचा एक उंचवटा तयार झाला आणि फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या पंखामागच्या फळ्या) मिटताना विमानाचा कोन वाढला तेव्हा एलरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या फळ्या) स्वतःहून फिरले, ऑटोपायलट सुटला आणि विमान उलटं झालं. त्यानंतर ते पट्टे मागपर्यंत मोठे केले गेले, आणि पद्धत बदलली. आज तुमची मुलगी पहिल्याच आठवड्यात शिकेल की बाजूच्या काचेवर बर्फ दिसायला लागला म्हणजे हा साधा बर्फ नव्हे, ऑटोपायलट काढ पण आधी स्टिअरिंग घट्ट धर, वेग वाढव, तिथून बाहेर पड, आणि फ्लॅप उघडे असतील तर बर्फ जाईपर्यंत मिटू नकोस. शेवटचं वाक्य त्या ६८ माणसांमुळे पुस्तकात आलंय, मी ते शिकवताना प्रत्येक वेळी सांगते.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेतच बफेलोजवळ डॅश ८ क्यू४०० हे दुसरं टर्बोप्रॉप पडलं, ५० जण गेले, त्यातला एक जमिनीवर घरात होता. बातम्यांमध्ये बर्फ बर्फ आलं, पण चौकशीत निघालं वेगळंच, वेग कमी होत गेला, स्टॉलची (पंखाची उचल तुटण्याची) सूचना म्हणून कंट्रोल थरथरला आणि पायलटनं तो पुढं ढकलायच्या ऐवजी मागं ओढला. त्यानंतर जगभर स्टॉलचं शिक्षण बदललं, आता उंची राखण्याला मार्क नाहीत, नाक खाली करून वेग परत मिळवण्याला आहेत. अमेरिकेत को-पायलटलाही साधारणपणे १५०० तास लागतात हा नियमही त्याच अपघातानंतर आला.

४ फेब्रुवारी २०१५, तैपेई. एटीआर ७२-६००, टेकऑफनंतर उजव्या इंजिनाचा प्रोपेलर एका खराब यंत्रणेमुळे आपोआप फेदर झाला. डावं इंजिन उत्तम चालू होतं. आणि पायलटनं तेच मागं घेऊन बंद केलं. ५८ पैकी ४३ जण गेले. १५ जानेवारी २०२३, पोखरा. एटीआर ७२-५००, फ्लॅपची लिव्हर हलवायची होती त्याऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर (प्रोपेलर फेदर करणाऱ्या आणि इंधन तोडणाऱ्या) फेदरला गेल्या, दोन्ही इंजिनांचा जोर गेला, ७२ जण.

ताई, या शेवटच्या दोन्हींत विमान उडण्यासारखं होतं. मी गेली कित्येक वर्षं सिममध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते ती याच्यामुळे, की हात लावायच्या आधी कशाला हात लावतोयस ते बघ, नाव घे, शेजारच्याकडून होकार घे, मग हलव. तुमच्या मुलीलाही हेच शिकवतील आणि दर काही महिन्यांनी परत तपासतील. जगभर शेकडो एटीआर आणि डॅश रोज छोट्या छोट्या रनवेवर उतरतात आणि परत उडतात, त्यात ही शिस्तच काम करत असते. तुम्ही तिला फोन करून बर्फाबद्दल विचारू नका, कोर्स चालू असताना "आज जोडीदाराबरोबर सराव केलास का" एवढंच विचारा, तिला बरं वाटेल.

प्रश्न : माझी उंची कमी आहे. रडरला जोर लागतो म्हणतात, मला जमेल का?

जमेल, माझीही उंची फार नाही. सीट वरखाली, पुढंमागं होते, पेडलही सरकतात, आणि समोर मधल्या पट्टीवर छोटे रंगीत गोळे असतात, ते एकमेकांच्या रेषेत दिसेपर्यंत सीट लावायची म्हणजे डोळे योग्य जागी. महत्त्वाचं हे की एका बाजूचा पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, तर जोर मिळतो. पहिल्या सेशनला लाजून घाईनं सीट लावू नका, दोन मिनिटं घ्या.

प्रश्न : ७२-५०० वर रेटिंग केलं तर ७२-६०० उडवता येईल का? आणि डॅश ८?

लायसन्सवर एटीआर ४२ आणि ७२ हे एकच रेटिंग असतं. पण ६०० मालिकेत जुने गोल घड्याळांसारखे डायल जाऊन पाच मोठे स्क्रीन आले, फ्लाइट मॅनेजमेंटचं सगळं वेगळं, त्यामुळे फरकाचा छोटा कोर्स करावा लागतो. उलट दिशेनं म्हणजे ६०० वरून ५०० वर जाणं मला जास्त कठीण वाटतं, स्क्रीनवर सगळं एकत्र बघायची सवय झालेली असते.

डॅश ८ पूर्ण वेगळं रेटिंग. क्यू४०० चं विमान ३२.८ मीटर लांब, एटीआर ७२ साधारण २७ मीटर, इंजिनं प्रत्येकी ५००० हॉर्सपॉवरच्या वर म्हणजे एटीआरच्या जवळपास दुप्पट, आणि क्रूझ साधारण ३६० नॉट, एटीआरचा २७५. वेगवान आणि दणकट, पण लांबीमुळे लँडिंगला नाक जास्त उचललं की शेपूट घासतं, म्हणून तिथं खाली यायचा वेग जास्त वाटला तर नाक उचलायचं नाही, पॉवर द्यायची, हे डोक्यात भिनवावं लागतं.

प्रश्न : ताई मी कोर्समध्येच आहे. काल व्ही१ कटमध्ये (टेकऑफला इंजिन गेल्याच्या सरावात) दोनदा रनवेच्या बाहेर गेले आणि एकदा चुकीची लिव्हर धरली. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत पण चेहरा उतरला होता. मी पायलट व्हायच्या लायकीची नाही असं वाटतंय.

अगं, चुकीची लिव्हर तू सिममध्ये धरलीस ना, मग ठीक आहे, सिम त्याच्यासाठीच आहे. मी माझ्या पहिल्या कोर्समध्ये नुसती धरली नव्हती, ओढली होती. चालू इंजिनाची. सगळं शांत झालं, स्क्रीनवर जमीन वर आली आणि सिम थिजला. आमचे इन्स्ट्रक्टर रागावले नाहीत, त्यांनी मला विचारलं की तुला एवढी घाई कशाची होती, आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही आणि आता तोच मी इतरांना विचारते.

तर बघ काय होतं ते. व्ही१ म्हणजे ज्याच्या पुढं थांबायचं नाही, उडायचंच, तो वेग. तिथं इंजिन गेलं की एटीआरमधली ऑटोमॅटिक यंत्रणा तुझ्या आधी कामाला लागते, चालू इंजिनाचा जोर ९० टक्क्यांवरून १०० वर नेते आणि दोनेक सेकंदांत मेलेल्या इंजिनाचा प्रोपेलर फेदर करते. म्हणजे त्या क्षणी तुझ्या हाताला लिव्हरपाशी काहीच काम नाही! तुझं काम पायात आहे. नाक ज्या बाजूला पळतंय त्याच्या उलटा पाय, दणका नाही, नाक थांबेपर्यंत दाब, आणि थांबलं की तिथंच धरून ठेव. नजर रनवेच्या दूरच्या टोकाला, जवळ बघितलंस की उशीर होतो, तू बाहेर गेलीस ते बहुतेक याच्यामुळेच. मग हळू रोटेट (नाक वर), बॉल बघ, गिअर वर, वेग धर, ट्रिम कर. निदान ४०० फुटांपर्यंत कुणी काही बंद करत नाही.

त्यानंतर ओळखायचं, आणि दोघांनी मिळून. टॉर्क कुठला पडलाय, कुठला पाय दाबलेला नाहीये, ज्या बाजूचा पाय मोकळा त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग लिव्हरवर हात ठेव, नंबर मोठ्यानं बोल, आणि थांब. शेजारचा बघेल आणि होकार देईल, तोपर्यंत हात नुसता ठेवलेला. तो थांबण्याचा एक सेकंद तुला फार मोठा वाटेल, वाटू दे.

आज रात्री खुर्चीवर बसून वीस वेळा कर, दहा वेळा डावं, दहा वेळा उजवं, पायासकट. जोडीदाराला सांग की मधेच मुद्दाम चुकीचा होकार दे, बघ तू पकडतेस का. आणि इन्स्ट्रक्टरचा चेहरा वाचत बसू नकोस, विचार त्यांना, सर माझं नक्की काय चुकलं. बहुतेक वेळा ते पुढचं सेशन कसं लावायचं याचा विचार करत असतात.

प्रश्न : मित्र म्हणतात टर्बोप्रॉपवर गेलास की तिथंच अडकशील, जेटच धर.

मला हे बोलणं पटत नाही. जेटवर जायचं तर रेटिंग वेगळं करावं लागतं हे खरं, पण मल्टी क्रूचे टर्बाइन तास हे तासच असतात आणि छोट्या सेक्टरमुळे दिवसाला चार-चार, कधी सहा लँडिंग होतात. लांब पल्ल्याच्या जेटवर एखाद्याला महिन्यात होतात तेवढ्या. खराब हवेच्या वर निघून जाता येत नाही, कमाल उंची २५००० फूट, म्हणजे ढग, बर्फ, झटके हे सगळं तुमच्या वाट्याला येतं आणि हवामान वाचायला तुम्ही शिकताच. जायचं असेल तर जा पुढं, पण पहिल्या दिवसापासून मन तिकडं ठेवून इथं बसू नका, कॉकपिटमध्ये शेजारच्याला ते लगेच कळतं.

प्रश्न : स्किल टेस्ट झाली! पुढच्या आठवड्यात बेस ट्रेनिंग, खरं विमान. सिमपेक्षा काय वेगळं असेल?

अभिनंदन! सगळ्यात आधी जाणवेल ते म्हणजे विमान रिकामं असल्यामुळे किती पटकन वर चढतं, सिममध्ये बहुतेक वेळा भरलेलं विमान दिलेलं असतं. सर्किटची (रनवेभोवतीच्या फेरीची) उंची आली तरी तुमचं गिअर-फ्लॅपचं चाललेलं असेल, त्यामुळे लेव्हल ऑफचं (चढणं थांबवून सरळ उडायचं) आधी बोलून ठेवा. दुसरं, हवा जिवंत असते, फायनलवर (रनवेच्या रेषेत उतरताना) हात सतत थोडे थोडे चालतात, सिममध्ये तेवढे चालत नाहीत. आणि जमीन खरी दिसते, त्यामुळे ओढायचा मोह लवकर होतो. साधारण २० फुटांपर्यंत थांबा, मग पॉवर हळू फ्लाइट आयडलला आणि नाक थोडंसंच वर, एकदम पॉवर काढाल तर वर सांगितलंय ते होईल.

पहिलं लँडिंग बहुतेक आपटेल, त्याच्यावर विचार करत बसू नका, पुढची फेरी लगेच असते. पूर्ण थांबायचं लँडिंग असेल तेव्हा चाकं टेकली, नाक खाली आलं, लिव्हर ग्राउंड आयडलला, की दोन छोटे दिवे लागतात, प्रत्येक प्रोपेलरचा एक, पाती सपाट झाली असं सांगणारे. एकच लागला तर रिव्हर्सला हात लावायचा नाही, नाहीतर विमान एका बाजूला ओढलं जातं. दोन्ही लागलेत हे डोळ्यांनी बघा, मोठ्यानं बोला, आणि मगच लिव्हर मागं घ्या.